जुन्या अंगरख्याची बेतणी : तिचें वाचन व तिजवरून पुनर्रचना

जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणाऱ्या गृहस्थांच्या हातून एक गोष्ट नकळत होत असते. दफ्तराचा रुमाल सुटला कीं आंतील कागद निवडून, सारखे करून, जपून ठेविले जातात. रुमाल मात्र फाटका ठरून बाजूस पडतो. त्याच पेटींत घडी घालून ठेविलेल्या जुन्या वस्त्रांचीहि तीच गत होते. सनद वाचतां येते म्हणून ती साधन, आणि अंगरखा वाचतां येत नाहीं म्हणून तो चिंधी, असा हा न्याय आहे. वस्तुतः अंगरखाहि वाचतां येतो. त्याची लिपि शिवणींची आहे. कापडाचा पन्हा, शिंप्याचें माप, घालणाऱ्याचा बांधा आणि मागाहून झालेल्या दुरुस्त्या हें सर्व त्या लिपींत नमूद असतें.

सायंकाळच्या बैठकीस किंवा दरबारास घालावयाचा जुना अंगरखा त्याच्या मूळ बेतणीवरून पुन्हा कसा सिद्ध करावा, याची रीत सांगणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. ती सांगतांना दृष्टीसमोर एटापल्लीसारखें ठिकाण ठेविलें आहे. गडचिरोली जिल्ह्यांतील या अरण्यमय तालुक्यापासून पुण्यामुंबईचीं वस्त्रसंग्रहालयें शेंकडों मैल दूर आहेत. तेव्हां तेथील संग्राहकास किंवा शिंप्यास जी रीत घरच्या साधनांनीं आचरितां येईल, तीच खरी उपयोगाची. एक सिद्धान्त आरंभींच सांगून ठेवितों : जुना अंगरखा मनुष्याच्या अंगावरून जितका बेतला जाई, तितकाच तो कापडाच्या पन्ह्यावरूनहि बेतला जाई. हें तत्त्व विसरून केलेली नक्कल दिसावयास कितीहि चांगली असली, तरी ती अंगरख्याची नक्कल नव्हे.

१. बेतणी कोठें लिहिलेली असते

युरोपांत शिंप्याची बेतणी पुष्कळ आधीं कागदावर आली. हुआन दे अल्सेगा या स्पॅनिश शिंप्याचा ग्रंथ इ. स. १५८० मध्यें माद्रिद येथें छापला गेला. अमुक पन्ह्याच्या कापडांतून अमुक झगा शक्य तितकें कमी कापड वायां जाऊं देऊन कसा काढावा, हें त्यांत आकृत्यांनीं दाखविलें आहे. पुढें १८६३ मध्यें अमेरिकेंत एबेनेझर बटरिक यानें निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने विकण्याचा धंदा काढिला. कालांतरानें त्यांत स्त्रियांच्या झग्यांचेहि नमुने आले, व घरोघरीं त्यांवरून कपडे शिवले जाऊं लागले. म्हणून तिकडे कोणास शंभर वर्षांपूर्वीचा मेजवानीचा झगा पुन्हा शिवावयाचा झाला, तर तो जुन्या नमुन्याचें पाकीट शोधतो व त्यावरून कामास लागतो.

आपल्याकडील बेतणी बहुधा कागदावर उतरली नाहीं. ती शिंप्याच्या हातांत, त्याच्या गजांत व कापडाच्या घडींत राहिली. तथापि ती लेखांत मुळींच आली नाहीं असेंहि नाहीं. अबुल फज्ल यानें आईन-इ-अकबरींत बादशाही वस्त्रागाराचें वर्णन करतांना तकौचिया नांवाच्या बिनअस्तरी, हिंदी धाटणीच्या अंगरख्यास सात गज सात गिरह कापड व गोटास पांच गिरह कापड लागतें, असें नमूद केलें आहे. पूर्वी त्याच्या घेरास चिरा असत व तो डावीकडे बांधीत. अकबरानें घेर गोल करविला व बंद उजवीकडे आणविले, असेंहि तो सांगतो. चित्रकार जें रंगानें दाखवितो, तें येथें अंकांनीं सांगितलें आहे. ज्यास पन्हा ठाऊक आहे त्यास अशा एका ओळीवरून अर्धी बेतणी मांडतां येते. आपल्या दफ्तरांतील जामदारखान्याच्या व खर्चाच्या यादी याच दृष्टीनें वाचावयास हव्यात. किती सनगें, किती गज, अस्तरास किती, गोटास किती, शिलाई काय, हे आंकडे केवळ हिशेब नसून वस्त्राचे आराखडे आहेत.

पन्ह्याचें महत्त्व आधुनिक अभ्यासकांनींहि ओळखिलें आहे. जॉन फोर्ब्स वॉटसन यानें १८६६ मध्यें हिंदी वस्त्रांवर ग्रंथ लिहिला व त्यासोबत सातशें कापडांचे प्रत्यक्ष नमुने अठरा खंडांत बसविले. मागावरून उतरतांच नेसावयाचें वस्त्र व शिवून घालावयाचें वस्त्र हा भेद त्यानें स्पष्ट मांडिला. १९७३ मध्यें कॅनडांतील टोरोंटोच्या संग्रहालयांतून डोरोथी बर्नहॅम या विदुषीनें निरनिराळ्या देशांच्या जुन्या वस्त्रांच्या बेतण्या मांडून त्यांचा आकार कापडाच्या रुंदीनें कसा ठरतो हें दाखविलें. १९९३ मध्यें अहमदाबादच्या कॅलिको वस्त्रसंग्रहालयांतील पोशाखांवर ब्रिजिंदर गोस्वामी यांचा जो ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यांत तरला धुंध यांनीं काढिलेल्या बेतण्यांच्या आकृत्या आहेत. ज्यास मूळ वस्त्र मिळत नाहीं त्यास हा ग्रंथ फार उपकारक होईल.

२. गज, तसू व गिरह

पुनर्रचनेंत पहिली अडचण मापांची येते. मुंबईकडील जुन्या कोष्टकाप्रमाणें सोळा तसूंचा एक हात व चोवीस तसूंचा एक गज होई. इंचांत हात अठरा व गज सत्तावीस भरे. म्हणजे तसू सव्वा इंचाहून किंचित् कमी, एक इंच व एक अष्टमांश झाला. उत्तरेकडील गज सोळा गिरहांचा असे, आणि इलाही गज सुमारें तेहतीस इंच धरितात.

नांव एक व लांबी भिन्न, यामुळें केवढा घोंटाळा होतो तें वरील उदाहरणावरूनच पाहावें. सात गज सात गिरह कापड इलाही गजानें सुमारें २४५ इंच भरतें. मुंबईच्या गजानें तेंच २०१ इंच होतें. अंतर ४४ इंचांचें पडलें. एवढ्या कापडांत घेराच्या कळ्यांची एक सबंध ओळ निघते. म्हणजे चुकीचा गज धरणाऱ्याचा अंगरखा घेरानें आंखूड होणार, आणि जुने लोक तोकडे कपडे घालीत असा निष्कर्ष मात्र तो ग्रंथांत लिहून मोकळा होणार.

यास उपाय एकच. कागदांतील गजावर विसंबण्यापूर्वी त्याच प्रांतांतील एखादें शाबूत वस्त्र मोजावें. त्यांतील पन्हा, बाहीची रुंदी, कळीचें टोंक इत्यादि मापें इंचांत घ्यावीं, व कोणत्या तसूनें त्यांस पुरा भाग जातो तें पाहावें. शिंपी साधारणपणें पुऱ्या किंवा अर्ध्या तसूंत बेतीत असला पाहिजे; म्हणून जेथें पांच-सहा मापें एकाच तसूनें बिनबाकी सुटतात, तेथें तो तसू त्या शिंप्याचा समजण्यास हरकत नाहीं.

३. अंगरख्याचे अवयव

अंगरख्याचे मुख्य भाग असे : पाठीचा पट, पुढचे दोन पट, छातीवरील उघड्या भागाखालीं येणारा पडदा, दोन बाह्या, काखेंतील दोन बगला, घेराच्या कळ्या, आणि बंद. पाठ व पुढचे पट उभ्या सुतावर काढिलेले असतात. बाही बहुधा लांब पट्टीची असून मनगटाकडे निमुळती होते. चुणीदार बाही हाताहून पुष्कळ लांब कापून मनगटावर चुण्या पाडून घालीत. म्हणून जुन्या बाहीची लांबी पाहून घालणाऱ्याची उंची ठरविणें हा भ्रम आहे.

बगल म्हणजे काखेंतील चौकोनी किंवा शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा. तो दिसावयास क्षुल्लक, पण हात वर उचलतांना सर्व ताण तोच घेतो. आजच्या शर्टाप्रमाणें खांदा व मुंढा वळणानें कापण्याची चाल नसल्यामुळें सरळ पट व सरळ बाही यांचा मेळ बगलेनेंच बसतो. नाटकाच्या पोशाखांत बगल गाळून बाही वळणावर जोडिली, तर अंगरखा दिसतो, परंतु पात्रानें तलवार उपसतांच काखेंत उसवतो.

कळ्यांची युक्ति तर प्रत्यक्ष हिशेबानेंच समजते. पन्हा चोवीस तसूंचा आहे असें समजूं. त्यांतून बत्तीस तसू लांबीचा तुकडा घ्यावा व उभा मधोमध कापावा. बारा तसू रुंदीचे दोन तुकडे झाले. प्रत्येकाच्या वरच्या कडेवर एका बाजूनें दोन तसूंवर खूण करावी, खालच्या कडेवर त्याच बाजूनें दहा तसूंवर खूण करावी, व दोन्ही खुणा तिरप्या रेघेनें जोडून कापावें. एक कळी वर दोन व खालीं दहा तसू झाली; दुसरी उलटी केली कीं तीहि तशीच. दोन तुकड्यांच्या चार कळ्या झाल्या. त्यांनीं कमरेशीं आठ तसू व खालीं चाळीस तसू घेर दिला, आणि एक चिंधीहि वायां गेली नाहीं. शिवणींत जाणारें कापड अर्थात् यांतून वजा करावें.

या कळ्या जोडतांना एकीची सरळ कड दुसरीच्या तिरप्या कडेस लाविली पाहिजे. तिरपी कड ओढली असतां ताणते. दोन तिरप्या कडा एकत्र आल्या तर शिवण लोंबते व घेराची खालची कड वांकडी होते. सरळ कड तिरपीस आवरून धरते. जुन्या अंगरख्याचा घेर गोल, सारखा पडतो याचें कारण बहुतांशीं हेंच आहे.

४. वस्त्र वाचण्याची रीत

मूळ वस्त्र हातीं आलें असतां शिवण उसवूं नये. उसवलेली शिवण म्हणजे फोडलेली मोहर होय. मागाहून ती लावितां येते, पण पहिली राहत नाहीं. वस्त्र धुवूं नये, इस्त्री करूं नये. स्वच्छ पांढऱ्या कापडावर सपाट पसरावें. प्रथम काठ शोधावा. दोन्ही काठ कोठें तरी शिवणींत सांपडले म्हणजे त्यांमधील अंतर हाच पन्हा. नंतर उभें सूत कोणत्या दिशेनें जातें तें प्रत्येक तुकड्यावर पाहून आकृतींत बाणानें दाखवावें. वळणदार कड मोजावयास कापसाचा न ताणणारा दोरा कडेवर ठेवून मग तो मापपट्टीस लावावा.

त्यानंतर शिवणींकडे वळावें. धावदोरा कोठें, बखिया कोठें, गोट व मगजी कशी दुमडली आहे, एका इंचांत टांके किती, हें टिपावें. शिवणीच्या आंत सोडलेलें जास्त कापड, ज्यास शिंपी माया म्हणतात, तें किती आहे तेंहि मोजावें. मायेवरून मालकाचें अंग पुढें भरेल हें शिंप्यानें गृहीत धरिलें होतें कीं नाहीं तें कळतें. शिवणीजवळ रिकाम्या सुईभोंकांची समांतर रांग दिसली, तर तें वस्त्र सैल किंवा घट्ट करून दुसऱ्याच्या अंगास बसविलें, असें समजावें. अशा वेळीं आपण कोणत्या अवस्थेची पुनर्रचना करीत आहों, पहिल्या कीं दुसऱ्या, हें आधीं ठरवावें.

कालनिर्णयास दोन खुणा विशेष उपयोगी आहेत. शिवणयंत्राची दुहेरी दोऱ्याची सारखी शिवण मूळ जोडणींत असेल, तर वस्त्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वींचें असण्याचा संभव फार थोडा. सिंगरचें शिवणयंत्राचें पेटंट १८५१ चें आहे. तसेंच पर्किन यास पहिला कृत्रिम जांभळा रंग १८५६ मध्यें सांपडला. त्या जातीचा रंग मूळ कापडांत असला तर वस्त्र त्यानंतरचेंच. मात्र ही खूण केवळ दुरुस्तीच्या ठिगळांत आढळली, तर ती दुरुस्तीचा काल सांगते, वस्त्राचा नव्हे.

५. चित्रांचा पुरावा

मूळ वस्त्राच्या अभावीं चित्रांचा आश्रय करावा लागतो. मोगल अमदानींत जाम्याचे बंद हिंदूंनीं डावीकडे व मुसलमानांनीं उजवीकडे बांधावे असा प्रघात होता, व त्यावरून चित्रांतील पुरुष ओळखण्याची रीत अभ्यासकांत रूढ आहे. ती उपयोगी खरी, पण तिचा उपयोग सावधपणें करावा. जुने चितारी चरब्यावरून चित्र उतरवीत, आणि चरबा पालथा पडला म्हणजे डावें उजवें होतें. छायाचित्राच्या कांचेची उलटी बाजू कागदास लागली तरी तोच परिणाम होतो. म्हणून बंद पाहण्यापूर्वी तलवार कोणत्या कमरेस आहे, चित्रावरील अक्षरें सुलट आहेत काय, हें पाहावें. शिवाय चित्रकार शिवणी क्वचितच दाखवितो. घेराच्या चुण्या व बाहीच्या वळ्या यांवरून कापडाचा पातळपणा कळेल. कळ्यांची संख्या कळेलच असें नाहीं.

६. नवा अंगरखा सिद्ध करणें

आकृति पुरी झाल्यावर ती जाड कागदावर पूर्ण मापानें काढावी. एकदम मोलाच्या कापडास कातर लावूं नये. प्रथम मांजरपाटावर बेतून, लांब धावदोऱ्यानें जोडून, अंगावर घालून पाहावें. आजचा मनुष्य मूळ मालकाहून रुंद असेल तर कापड कोठें वाढवावयाचें, हा प्रश्न तेथेंच सुटतो. जुना शिंपी जेथें वाढवील तेथेंच वाढवावें, म्हणजे बगल मोठी करावी, कळी रुंद करावी किंवा एक कळी अधिक घालावी. पाठीचा पट पन्ह्यावर ठरलेला असल्यामुळें त्यास हात लावूं नये.

कापडाची निवड केवळ रंगावरून करूं नये. तलम मलमलीच्या बाहीस ज्या बारीक चुण्या पडतात, त्या टसरीच्या बाहीस पडणार नाहींत. टसर अधिक ताठ असून तिच्या वळ्या मोठ्या व ठळक येतात. आजच्या गिरणीच्या कापडाचा पन्हा जुन्याहून पुष्कळ मोठा असतो. त्यावर सबंध घेर एका तुकड्यांत बसविण्याचा मोह होईल. तो आवरून कापड प्रथम जुन्या पन्ह्याच्या पट्ट्यांत फाडून घ्यावें. मग जेथें शिवण यावयास पाहिजे तेथेंच ती येते.

७. चांदा-गडचिरोलीच्या वनप्रदेशाविषयीं

आतां ही रीत एटापल्लीकडे लावितांना दोन गोष्टींचें भान ठेविलें पाहिजे. पहिली अशी कीं, या अरण्यांत राहणाऱ्या माडिया लोकांचा पूर्वापार वेष न शिवलेल्या वस्त्राचा आहे. तेथें बेतणी शोधणें व्यर्थ होय. तें वस्त्र मागावरच पूर्ण होतें, आणि त्याचा अभ्यास लांबी, पन्हा, काठ व नेसण्याची तऱ्हा यांनींच करावयाचा. शिवलेला अंगरखा हा दरबाराशीं व कचेरीशीं संबंध असलेल्या मंडळींचा. चांद्याचें गोंड राज्य १७५१ मध्यें नागपूरकर भोंसल्यांकडे गेलें, व तिसरे रघूजी १८५३ मध्यें वारल्यावर तें इंग्रजी अमलांत आलें. अहेरीसारख्या मोठ्या जमीनदाऱ्या मात्र टिकून राहिल्या. त्यामुळें या भागांत जुना अंगरखा सांपडला तर तो येथेंच शिवला, कीं नागपूर-चांद्याहून आला, कीं मानाचा पोशाख म्हणून मिळाला, हें प्रश्न निरनिराळे आहेत. १९८२ पर्यंत हा सर्व मुलूख चांदा जिल्ह्यांतच होता. म्हणून जुन्या कागदांत गडचिरोली जिल्हा शोधूं नये.

दुसरी गोष्ट टसरीची. ऐनाच्या व अर्जुनाच्या झाडांवर कोशाचे किडे पाळण्याचा व्यवसाय या जिल्ह्यांत ढिवर समाजाचे लोक करीत आले आहेत, आणि आरमोरी हें कोशाच्या कापडाचें जाणतें ठिकाण आहे. परंतु अंगरखा टसरीचा आहे एवढ्यावरून तो स्थानिक ठरत नाहीं. टसर छत्तीसगड व झारखंडाकडूनहि येते. पन्हा, काठाची वीण व तसू हीं तीनहि जुळलीं तरच स्थानिकत्वाचें अनुमान करावें.

या प्रदेशांत पुनर्रचनेस विद्वानांच्या जिज्ञासेपलीकडे आणखी एक प्रयोजन आहे. भाताची कापणी आटोपली म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत झाडीपट्टीचीं नाटकें रात्रभर चालतात. देसाईगंज अर्थात् वडसा हें मंडळ्यांचें मुख्य ठाणें असून, या रंगभूमीवरील कार्याबद्दल परशुराम खुणे यांस २०२३ मध्यें पद्मश्री मिळाली. ऐतिहासिक नाटकांतील राजाच्या अंगावर जो अंगरखा दिसतो, तोच हजारों प्रेक्षकांच्या मनांत इतिहासाचा अंगरखा म्हणून कायम होतो. संशोधकाचा लेख जेथें पोंचत नाहीं तेथें तो पोशाख पोंचतो. अशा पोशाखाचा पैसा बहुधा मखमलीवर व जरीच्या फितीवर खर्च होतो, आणि बेतणी मात्र आजच्या सदऱ्याची राहते. हा क्रम उलटा केला पाहिजे. कापड साधें सुती असो, जर खोटी असो, पण पट, बगल, पडदा व कळ्या जुन्या बेतणीच्या असाव्या. कंदिलाच्या किंवा विजेच्या दिव्यांत दुरून कापडाची किंमत कळत नाहीं. घेर कसा पडतो व हात कसा उचलतो, हें मात्र शेवटच्या ओळींतील मनुष्यासहि दिसतें. प्रवेशांमधील घाईसाठीं बंदांखालीं लपविलेले हूक लाविले तरी तेवढी सवलत क्षम्य मानावी, कारण ती बेतणीस धक्का लावीत नाहीं.

८. नोंदीविषयीं विनंती

प्रत्येक वस्त्राची नोंद पुढील बाबींनिशीं व्हावी : वस्त्र कोठें, कोणत्या पेटींत व कोणत्या कागदांसह सांपडलें, कापड, पन्हा व काठ, प्रत्येक तुकड्याचें माप व उभ्या सुताची दिशा, कळ्यांची संख्या व त्यांच्या सरळ-तिरप्या कडांची जोडणी, बंदांची जागा, टांके, माया, अस्तर व गोट, झीज, ठिगळें व जुनीं सुईभोंकें. सोबत कागदावर काढिलेली आकृति, व तिच्यावर इंच आणि अनुमानित तसू हीं दोन्ही मापें. नवें वस्त्र शिविल्यास त्याच्या आंतल्या बाजूस तें नक्कल असल्याचें व शिवल्याचें वर्ष स्पष्ट टांक्यांनीं लिहावें; नाहीं तर पन्नास वर्षांनीं आपलीच नक्कल कोणी अस्सल म्हणून संग्रहास दाखल करील.

हें काम लांबणीवर टाकण्यासारखें नाहीं. कागदास कसर लागते तशी वस्त्रासहि लागते. पण वस्त्रास आणखी एक भय आहे, तें गोधडीचें. जुना अंगरखा घरांतील कोणास निरुपयोगी वाटला कीं त्याच्या कळ्या सुटतात व गोधडीच्या थरांत जातात. त्यांत त्या गृहिणीचा दोष नाहीं. ती कापड वायां जाऊं देत नाहीं, व तें बेतणाऱ्या शिंप्याचाहि धर्म तोच होता. तिच्या हातीं तो जाण्यापूर्वी एक दुपार खर्चून त्याची आकृति काढून घेणें हें संग्राहकाचें कर्तव्य आहे.